पगार वाढवला, बक्षिसं लावली, तरी माणसं मनापासून काम का करत नाहीत?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्री (ओतकामाचा कारखाना) आणि तिच्या जोडीला लहानसं मशीन शॉप चालवणाऱ्या एका तरुण उद्योजकाचा प्रश्न थोडक्यात असा: साठ-पासष्ट माणसं आहेत. वर्षभरात पगार वाढवले. महिन्याचे २६ दिवस पूर्ण भरणाऱ्याला १००० रुपये हजेरी बोनस लावला. मोल्डिंगला मोल्डमागे, म्हणजे वाळूच्या प्रत्येक साच्यामागे, इन्सेंटिव्ह सुरू केला. ‘महिन्याचा उत्तम कामगार’ म्हणून गेटवर फोटो लावायला लागलो. बाहेरून वक्ता आणून दिवसभराचं शिबिर घेतलं, त्यात मॅस्लोचा पिरॅमिड आणि बाकी सगळं झालं. तरी जून-जुलैत हजेरी कोसळते, रिजेक्शन (खराब निघणारा माल) कमी व्हायच्या ऐवजी वाढलं आणि तीन चांगले सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचे) ऑपरेटर कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत निघून गेले. मग नेमकी कोणती थिअरी वापरायची?

माझं आयुष्य याच पट्ट्यातल्या कारखान्यांत हजेरीपत्रक, पगारपत्रक आणि माणसांच्या तक्रारी हाताळण्यात गेलं. त्यावरून सांगतो: तुमची माणसं आळशी झालेली नाहीत. त्यांचा हिशोब पक्का आहे. तुम्ही पत्रक काढून जे सांगता आणि तुमचा कारखाना प्रत्यक्षात ज्याचे पैसे देतो, यातला फरक त्यांनी तुमच्या आधी ओळखलाय. तो हिशोब कसा होतो हे समजावणाऱ्या थिअऱ्या कामाच्या, बाकीच्या शिबिरात बऱ्या.

हजेरी बोनसपासून सुरुवात करतो, कारण तिथं हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. व्हिक्टर व्रूम यांनी १९६४ मध्ये मांडलेली अपेक्षेची थिअरी म्हणते की माणूस जोर लावण्याआधी मनात तीन प्रश्न विचारतो. मी प्रयत्न केला तर काम होईल का? काम झालं तर ठरलेलं मिळेल का? आणि जे मिळणार त्याचं मला मोल आहे का? या तिन्हींचा गुणाकार होतो, बेरीज नाही. एक उत्तर शून्य आलं की बाकीची दोन कितीही मोठी असोत, उरतं शून्यच.

आता तुमचा एखादा मोल्डर घ्या. गाव पन्हाळ्याच्या बाजूला, दीड एकर रान, जुलैत भाताची रोप लावण. पाऊस लागला की त्याला एक दिवस तरी घरी थांबावं लागणार, हे त्याला आणि त्याच्या बायकोला महिनाभर आधीपासून माहीत असतं. त्या एका दिवसानं हजार रुपये गेले. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर महिना सुरू होतानाच शून्य. मग तो विचार करतो, बोनस तर गेलाच, एकाच्या ऐवजी चार दिवस काढू आणि लावण निवांत उरकू. तुमच्या योजनेनं त्याला एक खाडा महाग आणि पुढचे तीन फुकट करून दिले. याला बेशिस्त म्हणता येत नाही, हे गणित आहे. तुम्ही त्याच्या जागी असता तर तुम्हीही हेच केलं असतं.

उसाचंही तेच. साखर कारखान्याच्या चिटबॉयनं (तोडीची चिठ्ठी देणाऱ्या माणसानं) उद्याची तोड दिली की रानात घरचं माणूस उभं लागतं. ती तारीख मागून मिळत नाही आणि चुकवता येत नाही. आषाढात त्र्यंबोलीची यात्रा, चैत्रात जोतिबाची, आणि गावागावाच्या वेगळ्या. परप्रांतीय मुलांचं छठ आणि होळी. हे सगळं दिनदर्शिकेत छापलेलं असताना दरवर्षी आपण ‘अचानक माणसं गायब झाली’ असं म्हणतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

करायचं काय? बोनसची एकच उंच पायरी मोडून चार लहान पायऱ्या करा: २६ दिवसांना पूर्ण रक्कम, २५ ला थोडी कमी, २४ ला आणखी कमी, २३ ला थोडी तरी. एक दिवस गेल्यावरही पुढच्या दिवसाला किंमत उरली पाहिजे. दुसरं, आठवडाभर आधी सांगून घेतलेली शेतीची रजा खाडा धरू नका. मृग निघण्याआधी सुपरवायझरनं वही घेऊन प्रत्येकाला विचारायचं, ‘दादा, तुमची लावण कधीच्या आसपास?’ तारखा बदलतात, पण अंदाज येतो आणि एका लाइनची चार माणसं एकाच दिवशी जायची टळतात. अशी वही ठेवल्यावर हजेरी शंभर टक्के होत नाही. मात्र कोण येणार नाही हे आदल्या दिवशी कळतं, आणि फौंड्रीत भट्टी लावायची की नाही हे ठरवायला तेवढं पुरतं.

आता रिजेक्शन. मोल्डमागे इन्सेंटिव्ह म्हणजे तुम्ही मोल्डचे पैसे दिले आणि तुम्हाला मोल्ड मिळाले. चांगलं कास्टिंग तुम्ही मागितलंच नव्हतं. स्टीव्हन केर यांनी १९७५ मध्ये एक लेख लिहिला, त्याचं सारं म्हणणं एवढंच की संस्था बक्षीस एका गोष्टीला देतात आणि आशा दुसऱ्या गोष्टीची करतात. तुमच्याकडे मोल्डरनं रॅमिंग (साच्यातली वाळू ठोकणं) थोडं हलकं केलं, व्हेंट (वायू निघायची भोकं) मारायचे दोन वाचवले, मोकळी सँड फुंकून काढायचा कंटाळा केला, तर त्याच्या आठ तासांत जास्त मोल्ड बसतात. ब्लो होल (धातूत अडकलेल्या वायूची पोकळी) मात्र दिसतो मशीन शॉपमध्ये, कट मारल्यावर, आठ-दहा दिवसांनी. तोवर त्याचे पैसे त्याच्या खिशात, आणि कुणाच्या मोल्डचं कास्टिंग होतं हे सांगायला तुमच्याकडे काही नाही.

म्हणून आधी प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर (भट्टीतला कितवा ओत) आणि शिफ्टची खूण येऊ द्या. मग इन्सेंटिव्ह चांगल्या कास्टिंगवर लावा, आणि तो मोल्डिंग, कोअर (साच्याच्या आतला वाळूचा गाभा) आणि मेल्टिंग या तिघांना मिळून द्या, कारण रिजेक्शनचं कारण बहुतेक वेळा त्या तिघांच्या मधल्या फटीत सापडतं. सँडमध्ये ओल जास्त असेल, धातू थंड ओतला असेल, पॅटर्न (साचा ज्यावरून घेतात तो नमुना) झिजला असेल, तर मोल्डरनं जीव ओतला तरी कास्टिंग जाणार. अशा वेळी ‘मनापासून काम करा’ म्हणणं म्हणजे पुन्हा तो शून्यानं गुणाकार. तुमच्या पॅटर्नची शेवटची दुरुस्ती कधी झाली, हे आज जाऊन बघा. रिजेक्शनची रक्कम पगारातून कापायचा विचार कुणी तुमच्या डोक्यात घातला असेल तर तो तिथंच थांबवा. निष्काळजीपणानं झालेलं नुकसानसुद्धा कामगाराला आपलं म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय कापता येत नाही. आणि कापलं की पुढचं खराब कास्टिंग तुम्हाला दिसणारच नाही, ते रात्रपाळीत परत भट्टीत जाईल.

इन्सेंटिव्हची दुसरी गाठ जुनी आहे. फ्रेडरिक टेलर यांनी १९११ च्या पुस्तकात बेथलहेम स्टीलचं उदाहरण दिलंय. कच्च्या लोखंडाचे ठोकळे उचलणारा माणूस दिवसाला साडेबारा टन भरत होता. काम कसं आणि कधी थांबून करायचं हे नेमून दिल्यावर तो साडेसत्तेचाळीस टनांवर गेला, आणि त्याची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. मॅनेजमेंटच्या वर्गात हे यश म्हणून शिकवतात. शॉप फ्लोअरवरचा माणूस मात्र वेगळं वाचतो: काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीपेक्षा थोडी जास्त.

शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात जे अभ्यास झाले, त्यातला प्रकाशाचा किस्सा सगळ्यांना पाठ असतो. दिवे वाढवले तरी उत्पादन वाढलं, कमी केले तरी वाढलं, म्हणजे माणसाकडे लक्ष दिलं की झालं! हा निष्कर्ष फार घाईचा आहे. टेलिफोनचे रिले (विजेवर चालणारे स्विच) जोडणाऱ्या मुलींच्या ज्या छोट्या गटावर पुढचे प्रयोग झाले, त्यांची मजुरीही त्या लहान गटाच्या उत्पादनाला बांधलेली होती आणि मध्येच दोघींना बदललंही होतं. मला त्या सगळ्यात कामाची वाटते ती शेवटची खोली. १९३१-३२ मध्ये तिथं चौदा पुरुष टेलिफोन एक्स्चेंजच्या तारा जोडत होते. गटाला इन्सेंटिव्ह होता, तरी त्यांनी आपापसांत रोजचं एक माप ठरवून घेतलं होतं. त्याच्या वर कुणी गेलं की दंडावर ठोसा, टोमणा. फार मागे राहणारा आणि वरच्याला जाऊन सांगणाराही त्यांना चालत नसे. भीती साधी होती: जास्त करून दाखवलं तर कंपनी रेट पाडेल.

ही खोली तुमच्या शेडमध्येही आहे. कधी काळी, कदाचित तुमच्या वडिलांच्या वेळी, एखादा मोल्डर भरपूर कमावू लागला म्हणून घड्याळ घेऊन उभं राहून रेट कमी केला गेला असेल. तुम्हाला ते माहीतही नसेल. फ्लोअरवर मात्र ती गोष्ट नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात सांगितली जाते. यावर भाषणाचा उपाय चालत नाही. नोटीस बोर्डावर सहीनिशी लिहा की मशीन, पॅटर्न किंवा पद्धत बदलल्याशिवाय रेट बदलणार नाही, आणि बदलला तर आधी बसून बोलू. मग कुणीतरी एकजण विक्रमी कमावेल. तुमच्या पोटात गोळा येईल. त्या महिन्याला तुम्ही गप्प राहून पूर्ण पैसे दिलेत, तर पुढच्या सहा महिन्यांत बाकीचे हळूहळू वर येतील. मी हे होताना पाहिलंय, आणि मालकाला शेवटच्या क्षणी राहवलं नाही म्हणून सगळं मोडलेलंही पाहिलंय.

आता सगळ्यात नाजूक विषय, तुलना. जे. स्टेसी अ‍ॅडम्स यांनी १९६३ मध्ये मांडलं की माणूस आपला पगार एकटा धरून मोजत नाही. आपण काय घातलं आणि काय मिळालं याची शेजारच्याशी सांगड घालतो. तफावत दिसली की ती भरून काढायचे मार्ग शोधतो: काम कमी करतो, मन काढून घेतो, किंवा निघून जातो. तुमचे तीन ऑपरेटर गेले त्याच्या आधी तुम्ही बाहेरून कुणाला जास्त पगारावर घेतलं होतं का, हे पगारपत्रक उघडून बघा. बहुतेक वेळा तसंच असतं. बाजारभाव वाढला म्हणून नव्याला तीन हजार जास्त द्यावे लागतात, आणि ज्यानं त्याला मशीनवर उभं राहून शिकवलं तो जुना तसाच राहतो.

‘पगार गोपनीय असतो’ हे कोल्हापुरात विसरा. एकाच शेडमध्ये मेव्हणे-मेव्हणे असतात, एकाच गावची सहा माणसं एकाच गाडीवर चहा पितात. पगारवाढीचं पत्र गेटबाहेर पडायच्या आत सगळ्यांनी वाचलेलं असतं. तेव्हा फरक लपवण्यापेक्षा त्याचं कारण भिंतीवर लावा. कोण किती मशीन चालवू शकतो, सेटिंग करू शकतो का, ड्रॉइंग वाचतो का, प्रोग्रॅममध्ये ऑफसेट (मापाची दुरुस्ती) बदलू शकतो का, याचा तक्ता करा आणि प्रत्येक पायरीला ग्रेड बांधा. वरच्या ग्रेडला जायचं तर काय शिकायचं हे माणसाला दिसलं की ‘मालकाच्या मर्जीतला’ हा शब्द निम्मा तरी विरतो. उरलेला निम्मा ओव्हरटाइममध्ये असतो. ओव्हरटाइमला कायद्यानं दुप्पट दर द्यावा लागतो, म्हणून तो सगळ्यांना हवा असतो आणि सुपरवायझर तो आपल्या भावकीला, पाहुण्याला वाटतो. त्याची पाळी बोर्डावर लिहा. तुमच्या हजार रुपयांच्या बोनसपेक्षा या एका कागदानं जास्त फरक पडेल, आणि त्याला खर्च शून्य.

दिवाळी बोनसबद्दल एवढंच: कायद्यात किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के आहे. किमान दिलं तर ती प्रेरणा नाही, देणं आहे. त्याच्या वर द्यायचं असेल तर आकडा कशावर ठरला ते सांगा. गेल्या वर्षी १२ आणि यंदा १०, कारण विचारलं तर ‘मार्केट डाऊन आहे’, आणि त्याच महिन्यात मालकाची नवी गाडी गेटातून आत. व्रूमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, ‘ठरलेलं मिळेल का?’ याचं, उत्तर त्या दिवशी ठरतं.

शिबिरात तुम्हाला दाखवलेल्या पिरॅमिडकडे वळतो. अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ मध्ये गरजांची उतरंड मांडली (तळाला पोटापाण्याच्या गरजा, वर मानाच्या), पण तो त्रिकोण त्यांनी काढलेला नाही, तो नंतरच्या मॅनेजमेंटवाल्यांनी काढला. खालची पायरी पूर्ण भरल्याशिवाय वरची सुरू होत नाही, असंही ते म्हणाले नव्हते. हा क्रम प्रत्येकात तसाच असेल असं नाही, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. आणि आपल्याकडे तर तो रोज मोडतो. घराचा हप्ता थकलेला माणूस तरुण मंडळाची वर्गणी आधी भरतो. गणपतीत रात्र-रात्र जागून देखावा उभा करतो, वेल्डिंग करतो, वायरिंग करतो, कुणी पैसे देत नाही. सकाळी तुमच्या मशीनवर पेंगतो. त्याला मान हवाच आहे, पोट भरायची वाट न बघता हवा आहे. तो तुमच्याकडे मिळत नाही म्हणून मंडळात शोधतो.

फ्रेडरिक हर्झबर्गही शिबिरात ऐकलाच असेल. १९५९ चा त्यांचा अभ्यास पिट्सबर्ग परिसरातल्या २०३ इंजिनिअर आणि अकाउंटंटवरचा होता, भट्टीसमोरच्या माणसावरचा नव्हता. पगार, जागा, सुपरवायझर, नियम या गोष्टी वाईट असल्या तर माणूस नाराज होतो, पण चांगल्या असल्या म्हणून उमेद येत नाही; उमेद कामातूनच येते, असा त्यांचा निष्कर्ष. यावर रास्त आक्षेप असा आहे की चांगलं झालं की माणूस श्रेय स्वतःला देतो आणि वाईट झालं की बोट आजूबाजूला दाखवतो, त्यामुळे असं विचारलं की अशीच उत्तरं येणार. तरी एक उपयोग आहे. मे महिन्यात फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करायच्या) शेडमध्ये मास्क न लावता तासभर उभे राहा, मग कामगारांचं स्वच्छतागृह स्वतः वापरून या. ते सुधारल्यानं कुणी पेटून उठणार नाही. पण ते तसंच ठेवून वक्ता आणला, तर माणसं हसतात, आणि त्यांचं हसणं बरोबर असतं.

कामातून येणाऱ्या उमेदीवर थोडं थांबतो, कारण तुमचं मशीन शॉप तिथंच कमी पडतंय. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. ज्यांना सोडवण्याचे पैसे दिले, ते पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळात त्या कोड्यांकडे कमी वळले. १९७३ मध्ये लहान मुलांवर झालेला प्रयोगही याच वळणाचा: चित्र काढलं तर बक्षीस मिळेल असं आधी सांगितलेल्या मुलांची पुढे स्वतःहून चित्र काढायची ओढ कमी झाली. यावरून ‘पैसे दिले की माणूस बिघडतो’ असा अर्थ काढून पगार गोठवू नका; ते प्रयोग मुळात आवडीच्या कामाचे होते, आणि फेटलिंग कुणी छंद म्हणून करत नाही. पण पॅटर्न शॉप, टूल रूम, सीएनसी सेटिंग इथं कामाची स्वतःची ओढ असते. तिथं तुकड्यागणिक पैसे लावले की माणूस डोकं बाजूला ठेवून तुकडे मोजतो.

डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढं मांडलं की माणसाला तीन गोष्टी लागतात: आपल्या मनानं काही ठरवता येणं, हातात कसब आल्याची जाणीव आणि आपली माणसं. मंडळाच्या त्या देखाव्यात तिन्ही आहेत. तुमच्या सीएनसीवर? बटण दाबायचं, जॉब बदलायचा, पहिला पीस क्वालिटीवाला येऊन मोजणार, काही बिघडलं तर सेटर येणार. हॅकमन आणि ओल्डहॅम यांनी १९७०च्या दशकात कामाच्या ज्या पाच बाजू सांगितल्या, त्यात कामाचा ठळक आरंभ-शेवट, त्याचं महत्त्व कळणं आणि निकाल लगेच कळणं या तीन आहेत. बाकीच्या दोन म्हणजे कामात वापरावी लागणारी वेगवेगळी कसबं आणि स्वातंत्र्य. बघा, तुमच्या ऑपरेटरला यातलं काय मिळतं.

बदल फार मोठे नाहीत. पहिला पीस ऑपरेटरनं स्वतः मोजावा, गेज त्याच्या हातात द्या. मापात गडबड दिसली तर मशीन थांबवायचा अधिकार त्याला द्या, आणि पहिल्यांदा तो थांबवेल तेव्हा कुणीही ओरडायचं नाही. तो बनवतो तो भाग जाऊन बसतो कुठं हे दाखवा. कित्येक ऑपरेटर वर्षानुवर्षं एकच हाउसिंग मशीन करतात आणि ते ट्रॅक्टरमध्ये जातं की पंपात हे त्यांना ठाऊक नसतं. ग्राहकाकडून तक्रार आली की क्वालिटीच्या साहेबांसोबत त्या ऑपरेटरलाही गाडीत घालून पुण्याला न्या. आपला बर (कडेला राहिलेली धारदार कोर) तिथल्या असेंब्लीवाल्याच्या बोटाला कसा लागतो हे त्यानं बघितलं की पत्रकाची गरज उरत नाही.

लक्ष्य देण्याबाबत एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांचं काम मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. १९७५ मध्ये छापलेला त्यांच्या परंपरेतला एक अभ्यास ओक्लाहोमामधल्या लाकूड वाहणाऱ्या ट्रकांचा आहे. चालक कायद्यानं चालणाऱ्या वजनाच्या साधारण ६० टक्केच भरत. ‘जमेल तेवढं भरा’ सांगून काही होत नव्हतं. ९४ टक्क्यांचं नेमकं लक्ष्य दिलं, न गाठल्यास शिक्षा नाही असं सांगितलं, वेगळे पैसेही दिले नाहीत, आणि भरणा काही महिन्यांत ९० टक्क्यांच्या वर जाऊन स्थिरावला. नेमकं, अवघड पण आवाक्यातलं लक्ष्य आणि रोजचा निकाल. तुमच्या भिंतीवरचं ‘क्वालिटी हाच आमचा श्वास’ काढून तिथं एका लाइनचा कालचा रिजेक्शनचा आकडा लिहा, आणि तो लाइनवरच्याच माणसाला खडूनं लिहू द्या. एकाच लाइनपासून सुरुवात करा. सगळ्या लाइनला सगळी लक्ष्यं एकदम दिली की बोर्ड तेवढे रंगतात.

‘महिन्याचा उत्तम कामगार’ बंद करा. पासष्टमध्ये एक खूश आणि चौसष्टजण ‘त्याला का?’ याचा हिशोब करणारे, हा सौदा महाग आहे. सहा महिन्यांनी फोटो पाळीपाळीनं लागायला लागतो आणि मग त्याला काहीच अर्थ राहत नाही.

सुपरवायझर मात्र तपासा. डेव्हिड मॅक्लेलंड यांनी यश, आपुलकी आणि सत्ता अशा तीन ओढी सांगितल्या. १९६४ मध्ये त्यांनी आंध्रातल्या काकिनाड्याच्या लहान व्यावसायिकांना यशाची ओढ वाढवायचं प्रशिक्षणही दिलं होतं. लक्षात घ्या, ते मालकांसाठी होतं. ज्याला स्वतः अवघड काम फत्ते करण्यात रस आहे तो उत्तम टर्नर होतो. त्यालाच आपण सुपरवायझर करतो आणि दोन्ही हातचे घालवतो. तो दुसऱ्याच्या हातातलं काम ओढून स्वतः करत बसतो, नाहीतर ओरडतो. चांगला सुपरवायझर तालमीतल्या वस्तादासारखा असतो: स्वतः कुस्ती धरत नाही, पण पट्ठ्याचा पाय चुकीचा पडला की त्याच क्षणी, मातीतच, सांगतो. तुमच्याकडे असा एखादा मध्यम कामगार असेल ज्याच्याकडे नवी पोरं आपणहून विचारायला जातात. त्याला सुपरवायझर करा आणि टर्नरला सीनिअर ग्रेड देऊन लेथवरच राहू द्या, पगार सुपरवायझरच्या बरोबरीचा. सीसीटीव्ही लावला असेल तर तो चोरीसाठी ठेवा. डग्लस मॅक्ग्रेगर यांनी १९६० मध्ये लिहिलं की माणूस कामचुकारच असतो असं धरून चाललं की तशीच व्यवस्था उभी राहते आणि मग माणूस तसाच वागतो. मोबाइलवर कॅमेरा उघडून कोण बसलंय हे बघत बसलात, तर तुम्ही दिसायच्या वेळेपुरतं काम होईल.

राहिले कागलला गेलेले तिघे. सगळं नीट केलंत तरी काहीजण जाणारच. मोठ्या कंपनीचं नाव, बस, कॅन्टीन, आणि खरं बोलायचं तर स्थळ बघताना ‘मुलगा पंचतारांकितला आहे’ हे वाक्य, याच्याशी साठ माणसांच्या शॉपला बरोबरी करता येत नाही, करायला जाऊही नका. तुम्ही देऊ शकता ते शिकणं. मोठ्या ठिकाणी पोरगा वर्षानुवर्षं एकाच मशीनवर उभा राहतो. तुमच्याकडे त्याला तीन वर्षांत टर्निंग सेंटर, व्हीएमसी (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर), सेटिंग आणि मोजमाप सगळं हाताखालून जाईल. हे तोंडी सांगू नका, पहिल्याच दिवशी लेखी द्या: कोणत्या महिन्यात काय शिकवणार, आणि शिकल्यावर ग्रेड कोणती. तो चार वर्षांनी जाईल असं धरूनच पुढच्या माणसाची तयारी सुरू ठेवा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले कितीतरी वर्कशॉपवाले दुसऱ्याच्या लेथवर हात बसवून मग स्वतःची शेड टाकलेले आहेत, इथली रीतच ती आहे.

त्या तिघांना मात्र आत्ता, जाऊन दोन-तीन महिने झाल्यावर, एकेकट्याला चहाला बोलवा. राजीनामा देताना कुणी खरं सांगत नाही, कारण हिशोब निघायचा असतो. ‘परत ये’ म्हणू नका. एवढंच विचारा, ‘बाबा, जायचं डोक्यात पहिल्यांदा कधी आलं?’ उत्तरात बहुतेक एखादा दिवस येईल, रक्कम येणार नाही. कुणाला तरी ओव्हरटाइम मिळाला तो दिवस, नव्या पोराचा पगार कळला तो दिवस, मशीन थांबवलं म्हणून चारचौघांत बोलणी खाल्ली तो दिवस. तिघांचे दिवस कागदावर लिहा आणि वर सांगितलेल्यातलं आधी काय हातात घ्यायचं ते त्यावरून ठरवा.